वीस हजारांत वाचनालयाची प्रसिद्धी: आधी जुनं रजिस्टर उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, स्वतःची इमारत, पुस्तकं चांगली, पण सभासद दरवर्षी कमी होतायत. कमिटीने प्रसिद्धीसाठी वर्षाला २० हजार मंजूर केलेत आणि त्यावरून दोन मतं पडलीत. काहींचं म्हणणं एजन्सीला देऊन फेसबुक-इन्स्टा चालवून घेऊ, काहींचं म्हणणं चौकात मोठे फ्लेक्स लावू, आणि कार्यवाह म्हणून तुम्ही मध्ये अडकलाय. मी सतरा-अठरा वर्षं सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या छोट्या संस्थांसोबत हेच काम करते, वाचनालयं, हौशी नाट्यमंडळं, दोन वृद्धाश्रम, रक्तदानाचं काम करणारी मुलं. त्यामुळे जे स्वतः करून बघितलंय तेवढंच सांगते, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा आणि जमलं तर कमिटीतल्या लोकांनाही वाचून दाखवा.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोन्ही नको, निदान पहिले सहा महिने तरी नको. २० हजार म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये, एवढ्यात कुठली एजन्सी मन लावून काम करेल? महिन्याला आठ ‘क्रिएटिव्ह’ करून देईल, त्यात चार सणांच्या शुभेच्छा असतील, आणि तुमचं वाचनालय सकाळी किती वाजता उघडतं हे त्या पोस्ट करणाऱ्या मुलाला माहीतही नसेल. मी सुरुवातीच्या काळात एका नाट्यमंडळाला स्वतः असा सल्ला देऊन बसले होते, एजन्सी लावा म्हणून. सहा महिन्यांत पेजला हजारो लाईक आले, सगळे खूष, आणि प्रयोगाच्या दिवशी हॉलमध्ये दरवर्षीचेच लोक. नंतर बसून बघितलं तर लाईक करणारे निम्मे लोक परराज्यातले होते, त्यांना मराठी नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं. मंडळाचे पैसे वर्गणीतून जमवलेले होते, मला ती गोष्ट अजून लागते. तेव्हापासून कुठल्याही संस्थेला मी पहिला प्रश्न हाच विचारते की तुमच्याकडे आधी येऊन गेलेल्या लोकांची यादी कुठंय.

फ्लेक्सचंही सांगते. चौकात वाढदिवसांच्या फ्लेक्सच्या गर्दीत वाचनालयाचा फ्लेक्स दिसतच नाही, दिसला तरी गाडीवरून जाणारा माणूस चार शब्द वाचतो. शिवाय परवानगीचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा होर्डिंग-फ्लेक्सबद्दल जो निकाल दिला, त्यातली एक याचिका साताऱ्याच्याच एका संस्थेची होती, नगरपालिकेची परवानगी घेऊनच लावायचं हे त्यानंतर तरी सगळ्यांना माहीत असायला हवं. वाचनालयासारख्या संस्थेने विनापरवाना फ्लेक्स लावूच नये, मग बाकी सगळे लावत असले तरी. स्वतःच्या इमारतीवर चांगला, मोठ्या अक्षरातला, रात्री दिसणारा बोर्ड मात्र जरूर करा, तो बऱ्याच वाचनालयांचा इतका फिका पडलेला असतो की नवीन माणसाला इमारत बंद पडलीय असंच वाटतं. तुमचाही एकदा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा.

आता रजिस्टर. तुमच्या वाचनालयात सभासद नोंदणीची जुनी रजिस्टरं असणारच, कापडी बांधणीची, बहुतेक वरच्या कपाटात. गेल्या दहा वर्षांची काढा. त्यात ज्यांच्या नावापुढे ‘बंद’ किंवा ‘अनामत परत’ असा शेरा आहे, किंवा नुसतंच वर्गणी भरणं थांबलंय, अशी सगळी नावं वेगळ्या वहीत उतरवून घ्या. गावातला माणूस ही यादी बघत बसला की अर्धी नावं ओळखीची निघतात, हे आता पुण्याला मुलाकडे गेले, या बाई वारल्या, हे तर रोज समोरून जातात. जे गावात आहेत आणि हयात आहेत ती तुमची खरी यादी. या लोकांना वाचायला आवडतं हे सिद्ध झालेलं आहे, त्यांनी एकदा खिशातून पैसे भरलेत, त्यांना जिना कुठंय ते माहितीय. अनोळखी माणसाला सभासद करायला जेवढी मेहनत पडते त्याच्या चौथ्या हिश्श्यात हा माणूस परत येतो, पण कुणी बोलावतच नाही.

मग त्यांना फोन करायचे. मेसेज पाठवू नका, फोनच करा. आणि ‘परत सभासद व्हा’ असं म्हणायचं नाही, फक्त विचारायचं की तुम्ही पूर्वी नेहमी यायचात, मध्ये येणं का थांबलं, आम्हाला सुधारणा करायचीय. एवढं विचारून गप्प बसायचं आणि ते बोलतील ते लिहून घ्यायचं. एका वाचनालयात आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं होतं की सगळे मोबाईल, टीव्ही, वेळ नाही हेच सांगतील. काहींनी सांगितलंही. पण एका निवृत्त शिक्षकांना फोन केला तर ते आधी थोडे घुटमळले, मग म्हणाले, माझ्याकडून एक पुस्तक हरवलंय हो, सहा वर्षं झाली, दंड किती झाला असेल कुणास ठाऊक, म्हणून मी त्या रस्त्याने जायचंच सोडलंय. शाळेत मुलांना पुस्तकं जपायला शिकवणारा माणूस, त्याला एका पुस्तकाची एवढी टोचणी लागलेली, आणि आमच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे नुसता एक लाल शाईतला ‘थकबाकी’ असा शब्द. पुढच्या आठ दिवसांत तशीच पाच-सहा उत्तरं आली. कुणाची १२० रुपये वर्गणी राहिलेली, कुणी पुस्तक भाचीला दिलेलं ते परत आलं नाही, कुणाच्या पुस्तकावर चहा सांडलेला.

कमिटीची सभा घेऊन ठराव केला की एक महिना सगळ्यांना थकबाकी माफ, पुस्तक असेल तर आणून द्या, नसेल तर तसं सांगा, दुसरं कुठलंही वाचनीय पुस्तक दिलंत तरी चालेल, कुणाचं नाव कुठे लागणार नाही. कमिटीत विरोध झाला, नियम मोडतो, शिस्त राहणार नाही वगैरे, पण वसूल तर काही होणारच नव्हतं. मग पोस्टकार्डं आणली. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं, आणि हाताने लिहायचं, छापील मजकुराला पोस्टाचा दर वेगळा लागतो आणि छापील कार्ड कुणी वाचतही नाही. ग्रंथपाल, मी, कमिटीतले दोघे आणि अभ्यासिकेत बसणारी चार मुलं असे रविवारी दुपारी बसलो आणि दीड-दोनशे कार्डं लिहिली. प्रत्येक कार्डावर वर नाव, मग ‘तुमचा सभासद क्रमांक अजून तुमच्याच नावावर ठेवलेला आहे’ हे एक वाक्य, मग माफीच्या महिन्याची तारीख, आणि खाली ग्रंथपालांची सही. बस. लोक ते कार्ड हातात घेऊन आले हो. एका आजींनी तर पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, माझ्या नावाचं पत्र येऊन किती वर्षं झाली. ते शिक्षकही आले, एकाऐवजी तीन पुस्तकं घेऊन आले.

सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. मी अनेक संस्थांची अनेक कामं केलीत, पण खर्च आणि फायदा शेजारी ठेवला तर याच्या जवळ जाणारं दुसरं काही मला आजवर सापडलं नाही.

फोनमधून दुसरी जी गोष्ट हमखास बाहेर येते ती म्हणजे वेळ. तुमचं वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ असेल असा माझा अंदाज, बहुतेकांचं असंच काहीतरी असतं, आणि जेव्हा ती वेळ ठरली तेव्हा ती बरोबरही होती. पण तालुक्याच्या गावात सगळ्यात जास्त माणसं कधी असतात? आठवडे बाजाराच्या दिवशी. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतली माणसं ११ ते ४ मध्ये तुमच्या दारावरून जातात आणि नेमकं तेव्हाच दाराला कुलूप. या गावांत वाचणारे शिक्षक आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडीच्या बायका आहेत, पदवी घेऊन घरी बसलेल्या सुना आहेत, आणि त्यांना रोज तालुक्याला येणं परवडत नाही, पण आठवड्याला एक पुस्तक बाजाराच्या पिशवीतून नेणं सहज जमतं. बाजाराच्या दिवशी दुपारभर वाचनालय उघडं ठेवा, बाहेर एका टेबलावर मासिकं आणि लहान मुलांची पुस्तकं मांडा, प्यायचं पाणी ठेवा, बायकांना दहा मिनिटं टेकायला दोन खुर्च्या ठेवा. याला प्रसिद्धी म्हणतात का असं कमिटीतलं कुणीतरी विचारेल. म्हणतात. चार भिंतींच्या आत काही बदललंच नाही आणि बाहेर ‘या, या’ करत राहिलो तर आलेला माणूस एकदाच येतो.

यात एक गोष्ट सांभाळा, ग्रंथपाल आणि शिपाई यांच्यावर हे सगळं ढकलू नका. त्यांना मिळणारं वेतन किती तुटपुंजं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. बाजाराच्या दिवशी दुपारची पाळी कमिटीतल्यांनी वाटून घ्यावी, किंवा ग्रंथपालांना त्याबदली दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी द्यावी.

आता व्हॉट्सअ‍ॅप, कारण तुमच्या गावात फेसबुकपेक्षा तेच जास्त चालतं. वाचनालयाच्या नावाचं एक वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, ते फुकट आहे, त्यात पत्ता, वेळ, आपोआप जाणारं उत्तर हे सगळं सेट करता येतं. ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये आठ दिवसांत सुप्रभात आणि राजकारण सुरू होतं आणि लोक म्यूट करून टाकतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो आणि उत्तर फक्त तुम्हालाच येतं, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, तुमच्यासारख्या वाचनालयाला दोन लिस्ट पुरतात. पण लक्षात ठेवा की ब्रॉडकास्ट त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी संस्था वर्षभर मेसेज टाकत राहतात आणि कुणाला मिळतच नाहीत. म्हणून पुस्तक देताना काऊंटरवरच विनंती करायची, ताई हा नंबर सेव्ह करता का, मी समोरच एक मिस कॉल देते. बाजारात एकदम हजारो मेसेज पाठवायची सॉफ्टवेअर विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, नंबर ब्लॉक होतो आणि ज्यांनी कधी नंबर दिलाच नाही त्यांना मेसेज गेल्यावर संस्थेचं नाव खराब होतं ते वेगळंच.

आणि मेसेज कसा लिहायचा. साधारण असा येतो: ‘सर्व वाचकांना कळविण्यात येते की वाचनालयात नवीन ग्रंथ दाखल झाले असून तरी सर्वांनी याचा लाभ घ्यावा, आपले नम्र, अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह व सर्व संचालक मंडळ.’ याला कुणी काय उत्तर देणार? त्याऐवजी असं लिहून बघा: ‘नमस्कार, या आठवड्यात चार नवीन ऐतिहासिक कादंबऱ्या आल्यात, कव्हरचे फोटो खाली टाकलेत. ज्यांना हवी त्यांनी नंबर लिहून पाठवा, शनिवारपर्यंत तुमच्या नावाने बाजूला ठेवतो.’ आता उत्तर द्यायला फक्त एक आकडा टाईप करायचाय. ‘२ ठेवा’ असे मेसेज येतात आणि नाव लावून ठेवलेलं पुस्तक न्यायला माणूस येतोच, त्याला ती जबाबदारी वाटते. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट मागायची, आठवड्याला एकच मेसेज, शनिवारी सकाळी. अध्यक्षांचं नाव कशाला हवं दरवेळी, हे त्यांना तुम्हीच हळूच समजावून सांगा.

गूगल मॅपवर वाचनालय आहे का बघा. असेल तर कुणीतरी परस्पर टाकलेलं असेल, वेळ चुकीची, फोटो बंद शटरचा. ते आपल्या ताब्यात घ्यायची सोय आहे, फुकट आहे, व्हिडिओ किंवा फोन वगैरेने पडताळणी होते, तासाभराचं काम. बदली होऊन आलेले बँकेचे, महसूलचे, शाळेचे लोक आणि स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका शोधणारी पोरं मॅपवरच शोधतात. अभ्यासिकेतल्या या पोरांवरून आठवलं, बहुतेक वाचनालयं त्यांना ‘ते फक्त जागा वापरतात, आपली पुस्तकं वाचत नाहीत’ म्हणून सावत्र वागवतात. हीच मुलं पोस्टकार्डं लिहायला बसली होती, हीच व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो नीट काढतात, आणि त्यातली एक जरी तलाठी किंवा पीएसआय झाली तरी आयुष्यभर त्या वाचनालयाचं नाव घेते. त्यांना जवळ करा.

पेपरमध्ये बातमी. लोकमत, सकाळ, पुढारी, पुण्यनगरी जे काही तुमच्याकडे चालतं त्यांचे तालुका वार्ताहर तुम्हाला ओळखत असतीलच. त्यांना बातमी हवीच असते, पण आपण देतो ते ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले’. त्यात बातमी कुठंय? ‘बाजाराच्या दिवशी वाचनालय आता दुपारभर उघडे’ ही बातमी आहे. ‘हरवलेल्या पुस्तकांना माफी’ ही तर पहिल्या पानाची बातमी आहे, आमची ती एकदा आली आणि मोठ्या गावच्या आवृत्तीनेही उचलली. प्रसिद्धीपत्रक अर्ध्या पानाचं, पहिल्या दोन ओळींत काय, कुठे, कधीपासून, आणि दुपारी ३-४ च्या आत पाठवायचं, युनिकोडमध्ये टाईप केलेलं, म्हणजे त्यांना परत टाईप करावं लागत नाही. फोटोत सत्काराचा नारळ नको, पुस्तक बघत असलेला वाचक हवा, लहान मूल असेल तर आईवडिलांना विचारून. आणि कार्यक्रम झाल्यावर पाठवण्यापेक्षा आठ दिवस आधी पाठवा, झालेल्या कार्यक्रमाला कुणी येऊ शकत नाही. तुमच्या भागात कम्युनिटी रेडिओ असेल तर त्यांनाही भेटा, म्हसवडची माणदेशी तरंग किंवा बारामतीची शारदा कृषी वाहिनी, यांना स्थानिक माणसाचा आवाज हवाच असतो.

वर्षातला तुमचा सगळ्यात मोठा मोसम म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची सुरुवात केली असं मानतात, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला वाचायची सवय आहे आणि ती सवय बाकी कशापेक्षाही टिकून आहे. जो माणूस वर्षभर सभासद होत नाही तो दिवाळी अंक योजनेला पैसे भरतो, कारण एक अंक तीन-चारशे रुपयांपर्यंत जातो, आणि इथे ठराविक रकमेत तीन-चार महिने पाहिजे तेवढे बदलून वाचायला मिळतात. तुम्ही योजना चालवत असालच, पण जाहीर कधी करता? बहुतेक जण वसुबारसेच्या सुमाराला करतात, तेव्हा लोकांचे पैसे फराळात आणि कपड्यांत गेलेले असतात. गणपती उठल्यावर लगेच, नवरात्राच्या आधी जाहीर करा, आधी पैसे भरणाऱ्याला पहिल्या आठवड्यात पहिली निवड द्या. याची छोटी पत्रकं छापून पेपरवाल्या पोरांकडून रोजच्या पेपरात घालून घ्या. माझ्या मते पत्रकांवर पैसे घालण्यासारखा वर्षातला हा एकच प्रसंग आहे. आणि मार्चमध्ये योजना संपली की ते लोक सोडून देऊ नका, बहुतेक वाचनालयं इथेच घसरतात, शेवटचा अंक परत द्यायला आलेल्या माणसाला तिथल्या तिथे विचारायचं की वर्गणीतला फरक भरून वर्षभराचे सभासद होता का. हात रिकामा घेऊन घरी जायची सवय चार महिन्यांत गेलेली असते.

बाकीचे दिवस: १२ ऑगस्ट भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. यातल्या १५ ऑक्टोबर आणि २७ फेब्रुवारीला प्रत्येक शाळा-कॉलेज कार्यक्रम करतं, त्या दिवशी तुमचा वेगळा कार्यक्रम कुणाच्या लक्षात राहणार नाही, पेपरातही चार ओळी. त्या दिवशी आपल्या हॉलमध्ये लोकांना बोलावण्यापेक्षा पन्नास पुस्तकं घेऊन शाळेत जा, मुलांना हाताळू द्या, आणि बालविभागाचा फॉर्म दप्तरात घालून घरी पाठवा. मुलाला सोडायला आई येते, आईला मासिक दिसतं, पुढचं तुम्हाला माहितीय. आपला स्वतःचा म्हणून १२ ऑगस्ट घ्या, तो दिवस मोकळा असतो, त्या दिवशी तुमच्या ग्रंथपालांचा वाचकांकडून सन्मान करा, अगदी साधा.

देणगीबद्दल तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण हे प्रसिद्धीत मोडतं म्हणून सांगते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम बघा, २००९ साली विनायक रानडे यांनी सुरू केला. पुस्तकांची पेटी, ती एखाद्या सोसायटीला किंवा गटाला द्यायची, काही महिन्यांनी पेट्या आपसात बदलायच्या, आणि पेटीसाठी पैसे लोकांनी वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ द्यायचे. ते बघता बघता महाराष्ट्रभर झालं आणि पुढे दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी मंडळींपर्यंत पोचलं. ‘वाचनसंस्कृतीला हातभार लावा’ असं मोघम मागितलं असतं तर हे झालं नसतं, इथे देणाऱ्याला कळतं की माझ्या पैशातून एक पेटी झाली आणि ती अमुक ठिकाणी आहे. तुम्ही पेटीएवढं मोठं नका करू, एकेक पुस्तक मागा. वाचकांनी मागितलेल्या पुस्तकांची यादी किमतीसह काऊंटरवर लावा, ज्याला द्यायचंय तो एक पुस्तक निवडेल, आतल्या पानावर लेबल, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. ते पुस्तक बघायला त्या घरातली सगळी माणसं एकदा तरी येतात. पैसे संस्थेच्याच खात्याच्या यूपीआय क्यूआरवर घ्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर कधीही नाही, आणि पावती लगेच. करसवलत मिळते म्हणून देणगी मागत असाल तर जपून, संस्थेची त्यासाठीची नोंदणी चालू आहे का बघा, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती सवलत मिळतच नाही, नंतर तो माणूस फसल्यासारखा वाटून घेतो. जवळपास एमआयडीसीत मोठी कंपनी असेल तर एवढं माहीत असू द्या की कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चासाठी, सार्वजनिक ग्रंथालयांचं नाव स्पष्ट आहे, संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. पण ते वेगळं प्रकरण, आत्ता त्यात शिरू नका.

गूगलकडून संस्थांना महिन्याला १० हजार डॉलरच्या जाहिराती फुकट मिळतात असं तुमच्या कमिटीतल्या कुणाच्या तरी पुतण्याने सांगितलंय म्हणता, ते खरंय. पण त्या फक्त सर्चमधल्या मजकुराच्या जाहिराती, त्यासाठी चांगली वेबसाईट लागते, दर महिन्याला लक्ष द्यावं लागतं, आणि तुमच्या तालुक्यात दिवसाला वाचनालय शोधणारे असतील किती? पुण्या-मुंबईतून देणग्या मागणाऱ्या संस्थेला ते उपयोगाचं, तुम्हाला नाही. त्याऐवजी कॅनव्हा, म्हणजे पोस्टर बनवायचं ऑनलाईन साधन, संस्थांना फुकट मिळतं, त्यासाठी अर्ज करा, अभ्यासिकेतली पोरं पोस्टर करून देतील. फेसबुक पेज चालू ठेवा, आठवड्याला एक फोटो, आणि दिवाळी अंक योजनेच्या वेळी पाचशे-हजार रुपयांचं बूस्ट करा, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवा, गावाभोवती दहा-पंधरा किलोमीटरचं वर्तुळ निवडून. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरून चाला.

तर २० हजार असे वाटा. पोस्टकार्डं, वह्या, झेरॉक्स ५००. इमारतीवरचा बोर्ड आणि दिवा साडेतीन हजार. दिवाळी अंकांची पत्रकं आणि ती पेपरात घालायचे मिळून ३ हजार. बालविभागाचे रविवारचे कार्यक्रम, खाऊसकट, ३ हजार. बूस्ट दीड हजार. अडीच हजार शिल्लक ठेवा, काहीतरी निघतंच. आणि उरलेल्या ६ हजारांची पुस्तकं घ्या, फोनवर जुन्या सभासदांनी जी नावं सांगितली तीच. प्रसिद्धीच्या पैशातून पुस्तकं कशी, म्हणून हिशेबनीस विचारतील, तर ठराव तसाच शब्दांत मांडून घ्या. ‘तुम्ही सांगितलेलं पुस्तक आलंय’ असा फोन गेलेला माणूस आणखी चार जणांना सांगतो.

कशाचा उपयोग झाला हे कळायला प्रवेश अर्जावर एक ओळ वाढवा, ‘वाचनालयाबद्दल कुठून कळलं?’ आणि ग्रंथपालांनी ती स्वतः विचारून भरायची, रिकामी सोडायची नाही. वर्षाने वार्षिक सभेत ती वही वाचून दाखवली की फ्लेक्स की फेसबुक हा वाद आपोआप मिटतो. आम्ही दोन वाचनालयांत ही वही ठेवली आणि दोन्हीकडे ‘शेजारच्या बाईंनी सांगितलं’, ‘भावाने सांगितलं’ हेच सगळ्यात जास्त निघालं.

एजन्सीला अजून होकार दिला नसेल तर या आठवड्यात नको म्हणून कळवा, ताटकळत ठेवू नका. जुन्या सभासदांचे फोन एकट्याने करू नका, दोघांनी बसा, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं, दिवसाला दहाच्या वर नको, कारण दहा जणांशी मनापासून बोललं की माणूस दमतो. पहिला फोन अशा कुणाला तरी करा जे पूर्वी रोज यायचे, आणि ते थकबाकीबद्दल बोलायला लागले तर मध्ये तोडू नका, त्यांचं पूर्ण बोलून होऊ द्या.